इरॅस्मसची विद्या आणि साष्टीची ओवी

मराठी बायबलची प्रत हाती आली, तर मजकुरात शिरण्याआधी प्रकाशकाचं पान बघा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचा तिथला पत्ता पुण्याचा नाही, मुंबईचाही नाही. तो आहे बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्याचा. फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची इंग्रजी अनुवादासह जाडजूड आवृत्ती 2012 साली निघाली, तीही बेंगळुरूच्याच ख्रिस्तु ज्योती प्रकाशनाकडून. संपादक आणि अनुवादक होते सेल्शियन संघाचे फादर नेल्सन फाल्काव. मराठीतल्या दोन मोठ्या ख्रिस्ती ग्रंथांनी कानडी मुलखाच्या राजधानीत मुक्काम करावा, यात वरवर नवल वाटतं, पण तसं ते नाही. देशातली कितीतरी धर्मविद्यालयं या शहरात आहेत. प्रोटेस्टंट पंथांचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 पासून इथं आहे. मल्लेश्वरमला सेंट पीटर्स आहे, होसूर रस्त्याला धर्माराम आहे. या संस्थांच्या वर्गांत विशी-पंचविशीतली मुलं ग्रीक क्रियापदं आणि हिब्रू धातू घोकत असतात.

उद्या खेड्यातल्या चर्चमध्ये कानडीतून, मराठीतून किंवा मिझोतून प्रवचन करायचं, लग्नं लावायची, आजाऱ्यांची विचारपूस करायची, त्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीची ग्रीक कशाला शिकायची? या प्रश्नाचं उत्तर पाचशे वर्षं जुनं आहे. ते देणारी माणसं बिशपही नव्हती आणि संतही नव्हती. बहुतेक जण व्याकरणाचे मास्तर होते.

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत ज्यांना ह्यूमॅनिस्ट म्हटलं जातं, त्यांना मराठीत आपण सरधोपट ‘मानवतावादी’ म्हणतो आणि तिथंच गोंधळ होतो. ही मंडळी समाजसेवक नव्हती, नास्तिक तर मुळीच नव्हती. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास, नीती हे त्यांचे विषय. जुनी हस्तलिखितं धुंडाळायची, एकाशी दुसरं ताडून पाहायचं, नकलाकारांच्या चुका वेचून काढायच्या, हा त्यांचा खरा नाद. इटलीतल्या लोरेन्झो वाल्लानं 1440 मध्ये एका दस्तऐवजाची भाषा तपासली. सम्राट कॉन्स्टंटाइननं पश्चिमेचं राज्य पोपला दान दिल्याचा तो दस्तऐवज. त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली असूच शकत नाही, कागद बनावट आहे, हे वाल्लानं नुसत्या शब्दप्रयोगांवरून दाखवून दिलं. पोपच्या राजकीय हक्काचा एक मोठा आधार व्याकरणाच्या माऱ्यानं ढासळला. हाच वाल्ला पुढं बायबलच्या नव्या कराराकडे वळला आणि चर्चमध्ये हजार वर्षं चालत आलेली लॅटिन प्रत मूळ ग्रीकशी ताडून त्यानं टिपणं काढली. ती हस्तलिखितातच पडून होती. एका डच पंडिताला ती सापडली आणि 1505 मध्ये त्यानं पॅरिसला छापून घेतली. त्या पंडिताचं नाव डेसिडेरियस इरॅस्मस.

इरॅस्मस रॉटरडॅमचा, एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा. मठात वाढला, मठाला कंटाळला, तिशी उलटल्यावर जिद्दीनं ग्रीक शिकला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला मुद्रक फ्रोबेन याच्याकडून 1516 मध्ये त्यानं नवा करार छापून घेतला. एका रकान्यात ग्रीक, शेजारच्या रकान्यात त्याचं स्वतःचं लॅटिन भाषांतर आणि मागं टिपणांचा ढीग. ग्रीक नवा करार छापून बाजारात येण्याची ही पहिलीच वेळ. स्पेनमध्ये आल्कालाच्या विद्यापीठातल्या पंडितांनी तो दोन वर्षं आधीच छापला होता, पण परवानगीअभावी त्यांचे गठ्ठे गोदामात अडकून पडले होते.

इरॅस्मसचं काम घाईचं झालं. बाझलमध्ये मिळतील तेवढ्या मोजक्या हस्तलिखितांवर त्यानं भागवलं; त्यांतली बरीचशी बाराव्या शतकाच्या आसपासची. शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचं तर एकच हस्तलिखित हाती होतं आणि त्याचं शेवटचं पान गहाळ. शेवटची सहा वचनं नाहीतच. मग या गृहस्थानं काय करावं? लॅटिनवरून उलटं भाषांतर करून ग्रीक स्वतःच रचलं. लॅटिनच्या नकलाकारांनी एके ठिकाणी ‘जीवनाच्या झाडा’चं ‘जीवनाचं पुस्तक’ करून ठेवलं होतं, कारण लॅटिनमध्ये ते दोन शब्द दिसायला जवळचे आहेत. ग्रीकमध्ये ते मुळीच सारखे नाहीत. तरी ती चूक इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये उतरली आणि तिथून 1611 च्या इंग्रजी बायबलपर्यंत पोचली. मूळ शोधायला निघालेल्या माणसाच्या हातूनच बनावट मूळ तयार झालं, आणि ते ओळखलं गेलं तेही त्यानंच शिकवलेल्या पद्धतीनं. बेंगळुरूचे विद्यार्थी आज जी ग्रीक प्रत वाचतात, तिच्या प्रत्येक पानाखाली पाठभेदांच्या तळटीपा असतात. त्या शिस्तीचा उगम हा असा आहे.

इरॅस्मसनं आपल्या प्रतीला जोडलेल्या प्रस्तावनेत एक इच्छा बोलून दाखवली होती. नांगरामागं चालणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मागावर बसलेल्या विणकराच्या ओठी शास्त्रातली वचनं आपापल्या भाषेत यावीत, अशी ती इच्छा. स्वतः मात्र त्यानं आयुष्यभर लॅटिनमध्येच लिहिलं. पंडितांचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

पुढच्याच वर्षी, 1517 मध्ये, मार्टिन ल्यूथरनं पापक्षमेच्या विक्रीवर हल्ला चढवला. ल्यूथरनं जर्मन नवा करार केला तो इरॅस्मसच्याच ग्रीक प्रतीच्या दुसऱ्या आवृत्तीवरून. 1522 च्या सप्टेंबरात तो छापून आला. तेव्हा लोक टोमणा मारत, की अंडं इरॅस्मसनं घातलं आणि उबवलं ल्यूथरनं. इरॅस्मसचं त्यावरचं म्हणणं असं, की आपण घातलेलं अंडं कोंबडीचं होतं, बाहेर पडला तो पक्षी भलताच. माणसाला स्वतंत्र इच्छाशक्ती आहे की नाही, यावरून 1524-25 मध्ये दोघांचं उघड वाजलं. इरॅस्मसला चर्च झाडून-पुसून हवं होतं, मोडून नको होतं. परिणामी दोन्ही बाजूंनी तो परका झाला. 1536 मध्ये तो वारला. पोप चौथ्या पॉलच्या 1559 च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत त्याची सगळीच्या सगळी पुस्तकं आली. त्याआधी 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं लॅटिन बायबल हेच प्रमाण ठरवलं होतं. 1564 च्या यादीच्या नियमांनी लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर बिशपची लेखी परवानगी सक्तीची केली. शेतकऱ्याच्या नांगराची आणि विणकराच्या मागाची गोष्ट कॅथलिक मुलखांत तिथंच संपायला हवी होती.

ती संपली नाही, आणि त्याचं कारण शाळा. इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांची गाठ पडली पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात. ते नव्या विद्येचं घर होतं. त्यांनी काढलेल्या जेझुइट संघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच हा संघ युरोपचा मास्तर झाला. व्याकरण, मग काव्य-वाङ्मय, मग वक्तृत्व. सिसेरो आणि व्हर्जिल पाठ. नाटकं, वादसभा, पद्यरचना. अभ्यासक्रम सगळा ह्यूमॅनिस्टांचा, फक्त वर्गात इरॅस्मसचं नाव घ्यायचं नाही. त्याची काही पुस्तकं काटछाट करून चालवलीसुद्धा. विचार बाहेर ठेवून पद्धत आत घेण्याची ही हुशारी. मला विचाराल तर पद्धत अशी एकटी येत नाही, विचार तिच्या पदराला धरून येतोच. पुरावा गोव्यात आहे.

थॉमस स्टीफन्सचा जन्म इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला, 1549 च्या सुमारचा. शिक्षण विंचेस्टरच्या नामांकित शाळेत. त्या काळच्या इंग्रजी शाळांच्या अभ्यासक्रमावर इरॅस्मस आणि त्याचा मित्र जॉन कोलेट यांचीच छाप होती. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक राहणं जिकिरीचं झालेलं. थॉमस पाउंड या मित्राबरोबर स्टीफन्सनं रोमला जायचा बेत केला. पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षं त्यानं वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स निसटला, 1575 मध्ये रोमला जेझुइट झाला. 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून गलबतात बसला, तो 24 ऑक्टोबरला गोव्याला उतरला. वडिलांना त्यानं प्रवासाचं लांबलचक पत्र धाडलं. ते पुढं इंग्लंडात छापलं गेलं आणि हिंदुस्थानचे बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते आवडीनं वाचलं.

ज्या गोव्यात तो उतरला, ते नव्या विद्येला अनोळखी नव्हतं. हिंदुस्थानातला पहिला छापखाना इथंच 1556 मध्ये आला. तो खरं तर ॲबिसिनियाला जायचा होता, वाटेत राहून गेला. त्या छापखान्याच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक म्हणजे गार्सिया द ओर्ता या वैद्याचे वनौषधींवरचे ‘संवाद’, साल 1563. ओर्ता सालामान्का आणि आल्काला इथं शिकलेला. संवादाचा घाट ह्यूमॅनिस्टांच्या आवडीचा, आणि बाणाही त्यांचाच: प्राचीन ग्रीक वैद्य काय म्हणतात ते ठीक, पण मी झाड डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं घराणं मूळचं ज्यू. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, बसलं. 1568 मध्ये ओर्ता वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आलं, आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. स्टीफन्सला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

त्याची नेमणूक झाली साष्टीत. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी हा तो मुलूख. राशोलला आपल्याकडे रायतूर म्हणतात. तिथली देवळं 1567 मध्ये पाडून झाली होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांची प्रेतं ताब्यात घेऊन दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होता. पुढं पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. ख्रिस्तपुराण वाचताना हे विसरून चालत नाही. ज्या सत्तेनं पोथ्या बंद केल्या, तिच्याच आश्रयानं ही पोथी लिहिली गेली.

त्याच 1583 च्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सनं नोंदवलं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची आहे. सर विल्यम जोन्स हेच कलकत्त्यात बोलले ते दोनशे वर्षांनी, आणि त्यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. स्टीफन्सला ते सुचलं, कारण व्याकरण ही त्याला लहानपणापासून लागलेली सवय होती. कोकणीचं व्याकरणही त्यानं रचलं. त्याच्या मरणानंतर 1640 मध्ये ते राशोलला छापलं गेलं. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून त्याचं नाव घेतात. कोकणीतली त्याची धर्मप्रश्नोत्तरी 1622 ची.

आणि 1616 मध्ये ख्रिस्तपुराण. ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ असे दोन भाग, 95 अवस्वरू म्हणजे अध्याय, सुमारे अकरा हजार ओव्या. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक बाटलेला ब्राह्मण पाद्री गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तुमचं पुराण का देत नाही? प्रश्न लाघवी आहे आणि धारदारही. पाद्री त्याचं उत्तर म्हणून आदामापासून कथा सांगू लागतो. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. चाल ज्ञानेश्वरीच्या ओवीची: तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा. मराठीच्या थोरवीच्या त्याच्या ओव्या तर शाळेच्या पुस्तकांतून आपल्या तोंडी बसलेल्या. या ओवीत ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाचनाच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत, आणि ते वाचन जेझुइटांना कसं घडलं असेल याचा एक धागाही आहे. 1559 च्या सुमारास एका नवख्रिस्ती माणसानं कुणा ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या पळवून जेझुइटांना आणून दिल्या होत्या, आणि त्यांचे पोर्तुगीजमध्ये तर्जुमे झाले होते. खंडन करायला म्हणून मिळवलेल्या पोथ्यांतून वाचणाऱ्याला गोडी लागणार नाही, याची हमी कोण देणार?

हे बायबलचं भाषांतर नव्हे, कथन आहे. आणि त्यातच खरी खोच आहे असं मला वाटतं. लोकभाषेतल्या बायबलभोवती ट्रेंटनंतर कुंपण पडलं होतं. मात्र पुराणावर बंदी घालण्याचं युरोपात कुणाच्या ध्यानीमनीही असण्याचं कारण नव्हतं. स्टीफन्सनं चर्चच्या आणि इन्क्विझिशनच्या रीतसर परवानग्या घेतल्या आणि इरॅस्मसच्या शेतकऱ्याला हवं होतं ते साष्टीच्या शेतकऱ्याला दिलं, तेही गाता येईल अशा रूपात. सुधारणेचा जो दरवाजा रोममध्ये बंद झाला, तो राशोलला ओवीच्या आडून किलकिला राहिला.

आता जरा गोव्याच्या बाहेर, पैठणला. स्टीफन्स गोव्याला उतरला तेव्हा एकनाथ हयात होते, भरात होते. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती आणि नकला करता करता पाठ बिघडले होते, लोकांनी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी जुन्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्याआधी काशीत त्यांच्या मराठी भागवतावरून पंडितांनी वाद घातला होता: शास्त्र प्राकृतात का आणता? इरॅस्मस आणि ल्यूथर यांना विचारले गेलेले प्रश्न वेगळ्या वस्त्रांत पैठणकरांपुढं आले होते. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा कुणी कुणाकडून घेतलं हा वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रंथाला मान देणारा समाज आणि हातानं केलेल्या नकला एकत्र आल्या, की पाठ बिघडतो, आणि तो दुरुस्त करणारा कुणी ना कुणी निपजतो. फरक पडला तो पुढं. इरॅस्मसच्या मागं फ्रोबेनचा छापखाना होता. चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येई, वाद घालणाऱ्यालाही तीच छापील प्रत समोर ठेवता येई. एकनाथांच्या मागं होती फक्त ती ताकीद.

छपाईची अडचण स्टीफन्सलाही नडली. इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत, ही त्याची जुनी इच्छा. 1608 मध्ये त्यानं रोमला संघप्रमुखाला लिहिलं, की आपल्याकडे चोवीस अक्षरांत काम भागतं, इथं अक्षरं जोडून येतात आणि साचे लागतील सहाशेच्या घरात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांचा हिशेब त्यानं बरोबर मांडला होता. पुढं देवनागरीचे खिळे पाडणाऱ्या प्रत्येकाला तो करावा लागला. ते साचे काही झाले नाहीत. मराठीतलं हे महाकाव्य रोमी अक्षरांत छापलं गेलं. 1619 मध्ये स्टीफन्स वारला. 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

याच काळात बेंगळुरूत काय चाललं होतं? 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडाकडून शहर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारातला जयराम पिंड्ये बारा भाषा जाणत असे. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाड्यांनी 1922 मध्ये छापला. मराठीला इथं तेव्हा राजाश्रय होता. ख्रिस्तपुराणाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच 1649 च्या सुमारास लिओनार्दो चिन्नामी हा इटालियन जेझुइट गोव्याहून श्रीरंगपट्टणला आला, त्यानं म्हैसूर मिशन सुरू केलं आणि कानडी व्याकरण रचलं. पुन्हा तेच: आधी व्याकरण, मग उपदेश. पुढं 1784 मध्ये टिपूनं कारवार-मंगळूर किनाऱ्यावरचे हजारो ख्रिस्ती धरून श्रीरंगपट्टणला नेले. 1799 पर्यंतच्या त्या बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असं मंगळूरकडची परंपरा सांगते.

गोव्यात मात्र 1684 मध्ये व्हाइसरॉयनं लोकभाषेवरच हुकूम बजावला: तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलायचं. तो पुरता अंमलात आला नाही, पण देशी भाषांतल्या ग्रंथांना ओहोटी लागली ती लागलीच. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हातानं उतरवलेल्या नकलांत. म्हणजे छापलेलं पुस्तक पुन्हा पोथी झालं आणि बायबलचं जे झालं तेच त्याचंही झालं: नकला, चुका, पाठभेद.

मंगळूरच्या जोसेफ साल्ढाणांनी हस्तलिखितं गोळा करून 1907 मध्ये रोमी लिपीतली आवृत्ती काढली. मग 1920 च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातलं एक हस्तलिखित उजेडात आणलं. हे ॲबट म्हणजे आपल्या संतकवींना इंग्रजीत नेणारे अमेरिकन मिशनरी. ते हस्तलिखित होतं देवनागरीत, आणि साल्ढाणांच्या प्रतीत जिथं लॅटिन-पोर्तुगीज शब्द येतात, तिथं यात बऱ्याच जागी संस्कृत वळणाचे शब्द. ॲबट यांना वाटलं, मूळ सापडलं. त्यावर दुसरा पक्ष असा, की मूळ रोमीच आणि देवनागरी प्रत म्हणजे नंतर कुणी केलेलं संस्कृतीकरण. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. 1608 च्या पत्रातली स्टीफन्सची इच्छा पाहिली, की पहिल्या पक्षाकडे मन झुकतं. चर्चचे परवाने देणाऱ्यांची धास्ती आठवली, की दुसरा पटतो. नव्या शब्दावर संशय घेणाऱ्यांपुढं पवित्र आत्म्यासाठी ‘एस्पिरितु सांतु’ हाच शब्द सुरक्षित होता. पुण्यात शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये साल्ढाणांची प्रत देवनागरीत आणली, 1996 मध्ये मुंबईला फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली, मग बेंगळुरू.

मराठीत बायबल स्वतःच्या नावानं आलं ते प्रोटेस्टंटांच्या हातून. विल्यम कॅरी आणि त्याचे पंडित यांनी सेरामपूरहून 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं, 1811 मध्ये पूर्ण नवा करार. पण ह्यूमॅनिस्टांची खरी वारस मी पंडिता रमाबाईंना मानतो. लहानपणापासून भागवत मुखोद्गत असलेल्या या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांच्याशी झटापट केली आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून संबंध बायबल मराठीत आणलं. संस्कृताळलेली भाषा तिनं जाणूनबुजून टाळली. खेड्यातल्या बाईला समजावं हा हट्ट. जुळणी आणि छपाई आश्रमातल्या बायकांनी केली. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. 1924 मध्ये पुस्तक बाहेर पडलं. एकटीनं अख्खं बायबल मूळ भाषांवरून केल्याची उदाहरणं जगातही फार थोडी सापडतील, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कामाला मिळालेली जागा लाजिरवाणी म्हणावी इतकी लहान आहे.

कॅथलिक चर्चनं लोकभाषेतली मिसा मोकळी केली ती 1960 च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. तेव्हा भारतातल्या बदलांचं केंद्र झालं ते बेंगळुरूच. फादर अमलोरपवदास यांनी 1967 मध्ये इथं राष्ट्रीय बायबल आणि उपासना केंद्र उभं केलं. 1969 मध्ये रोमनं भारतीय उपासनेसाठी बारा बदल मान्य केले. त्यांत जमिनीवर बसणं होतं, हात जोडून नमस्कार होता, आरती होती. त्यावर तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे हिंदू झालं म्हणून कोर्टकचेरीची भाषा झाली. राशोलच्या पाद्र्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वी ‘वैकुंठ’ लिहिलं आणि ते इन्क्विझिशनच्या नाकाखालून छापून घेतलं, हे त्या भांडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

काम संपलेलं नाही. ख्रिस्तपुराणाची हस्तलिखितं गोव्याच्या ग्रंथालयांत आणि संस्थांत आहेत, आणि ओव्या गाणारी घरं एके काळी साष्टीपासून कारवार, मंगळूरपर्यंत पसरलेली होती. आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यामागं किंवा चर्चच्या कपाटात जुन्या कागदांची बांधलेली वही असेल, अक्षरं रोमी आणि ओळी चार-चारच्या असतील, तर ती पोर्तुगीज दस्तऐवज समजून रद्दीत टाकू नका. मोठ्यानं वाचून बघा. मराठी ऐकू आली, तर पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागात नेऊन दाखवा.